बेटांसाठी ग्रँट प्रोग्रॅम काढताय? मग थीम नंतर, आधी बोटीचं टाइमटेबल बघा

प्रश्न थोडक्यात असा होता: एका कंपनीच्या सीएसआर (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा खर्च) फाउंडेशनला लक्षद्वीप आणि तसल्या छोट्या बेटांसाठी वर्षाला साधारण दोन कोटींचा ग्रँट प्रोग्रॅम सुरू करायचाय. निसर्गही जपला जावा आणि वादळ, ब्लीचिंग (समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडणं), मासळी गायब होणं असल्या संकटात तिथली माणसंही टिकून राहावीत. तर थीम कोणत्या ठेवाव्यात, अर्ज कसे मागवावेत, किती किती रक्कम द्यावी?

मी या कामात बरीच वर्षं आहे, अर्ज लिहिणाऱ्यांच्या बाजूलाही बसलोय आणि अर्ज वाचून नापास करणाऱ्यांच्या बाजूलाही. त्यामुळे थीमबद्दल लगेच काही सांगत नाही. थीम सगळ्यांच्याच छान असतात हो, प्रवाळ, समुद्री गवत, कासवं, महिला बचत गट, एक ब्रोशर उघडा आणि दुसरं उघडा, फरक सापडणार नाही. खरा प्रोग्रॅम ठरतो तो चार कंटाळवाण्या गोष्टींवर: पैसा कायद्याने कोणाच्या खात्यात जाऊ शकतो, हप्ता कुठल्या महिन्यात पोचतो, फॉर्म कुठल्या भाषेत आहे आणि बिल कसलं चालतं. या चार गोष्टी मुंबई-पुण्याच्या ऑफिसच्या सोयीने ठरवल्या की पैसा फिरून मुंबई-पुण्याच्याच संस्थांकडे येतो, बेटावर फक्त वर्कशॉप होतं आणि टोप्या वाटल्या जातात.

बेटांवर खर्च कशाला करायचा हा प्रश्न तुमच्या बोर्डात कोणीतरी विचारणारच, तर त्यासाठी एक आकडा ठेवा. जगाच्या एकूण जमिनीपैकी बेटं जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास, पण गेल्या पाचशे वर्षांत नामशेष झाल्याची नोंद असलेल्या प्रजातींपैकी ६० टक्क्यांच्या आसपास बेटांवरच्या. आणि लक्षद्वीप म्हणाल तर ३६ बेटं मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, वस्ती दहा बेटांवर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या वर. ती जमीन समुद्राच्या वर राहिलीय ती प्रवाळामुळे, आणि १९९८, २०१०, २०१६ आणि परत २०२४ अशी ब्लीचिंग होऊन गेलीयेत, १९९८ पासून तिथे जो लांब पल्ल्याचा अभ्यास चाललाय त्यात जिवंत प्रवाळाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसतं. म्हणजे तिथे निसर्ग संवर्धन आणि माणसांचं टिकणं ही दोन वेगळी खाती नाहीचेत. लगून (प्रवाळाच्या आतलं उथळ पाणी) बिघडलं की ट्यूनाला लावायची चारा-मासळी मिळत नाही, चारा-मासळी नाही तर गळ-काठीची मासेमारी नाही, आणि मासेमारी नाही तर मासमीन नाही (उकडून, धुरावून, वाळवलेला ट्यूना, तिकडचा मुख्य माल). एवढी साखळी बोर्डाला समजली तरी पुरे.

आता पैसा कोणाच्या खात्यात जाणार ते. इथे बहुतेक प्रोग्रॅम अडतात आणि कोणाला कळतही नाही की अडले. सीएसआरचा पैसा राबवणारी संस्था कलम ८ची (ना-नफा) कंपनी, नोंदणीकृत ट्रस्ट किंवा सोसायटी लागते, १२ए आणि ८०जी (आयकराच्या नोंदण्या) लागतं, मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागतो (हे १ एप्रिल २०२१ पासून), आणि ती संस्था कंपनीची स्वतःची किंवा सरकारी नसेल तर तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. आता मला सांगा, मिनिकॉय किंवा चेतलतवरच्या चार जणांच्या मच्छीमार गटाकडे यातलं काय असणार? परदेशी देणगीची वाट तर अजून अरुंद, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देताच येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. म्हणजे मोठी संस्था पैसा घेईल आणि छोट्यांना वाटेल हे जुनं मॉडेल त्या पैशाला लागूच होत नाही.

मार्ग आहे, पण तो डिझाइनमध्ये पहिल्या दिवशी घालावा लागतो. एक नोंदणीकृत संस्था कागदोपत्री प्रकल्प राबवणारी राहील, आणि बेटावरचे गट हे लाभार्थी म्हणून येतील, त्यांच्याशी साधा, त्यांना समजेल असा करार असेल, कोणाला किती, कशासाठी, कधी. एक गोष्ट बऱ्याच फाउंडेशनच्या लोकांना माहीत नसते, सीएसआर मधून घेतलेली मालमत्ता, म्हणजे बर्फाच्या पेट्या, वजनकाटे, मासळी वाळवायच्या जाळ्या, या बचत गटाच्या किंवा लाभार्थ्यांच्या समूहाच्या नावावर ठेवता येतात, नियमात तशी सोय आहे. ती वापरा. नाहीतर तीन वर्षांनी प्रकल्प संपतो आणि बर्फाची पेटी कोचीच्या गोदामात जाऊन बसते. आणि दुसरं, तो ५ टक्क्यांचा प्रशासकीय खर्चाचा नियम कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर खात्याच्या कारभाराला आहे, प्रकल्पावरच्या फील्ड स्टाफच्या पगाराला नाही. मी कित्येक अर्जांत बघतो, अर्जदार बिचारे घाबरून स्थानिक समन्वयकाचा पगारच लिहीत नाहीत, आणि मग ते काम कोण करणार? कोणीच नाही.

बाहेरची दोन मॉडेलं जरूर वाचा. एक म्हणजे जागतिक पर्यावरण सुविधेचा स्मॉल ग्रँट्स प्रोग्रॅम, १९९२ पासून चालू आहे, संयुक्त राष्ट्रांची यूएनडीपी चालवते, एका प्रकल्पाला बरीच वर्षं साधारण ५० हजार डॉलरपर्यंत, आणि पैसा थेट स्थानिक संस्था आणि गटांना. त्यातल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. निर्णय घेणाऱ्या राष्ट्रीय समितीत बहुमत सरकारबाहेरच्या लोकांचं असतं. आणि अर्ज स्थानिक भाषेत, फोटोंनी किंवा व्हिडिओनेसुद्धा करता येतो. हे दुसरं फार मोठं आहे. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांवर लोक जेसेरी बोलतात, शाळेत मल्याळम शिकतात, मिनिकॉयला महल बोलतात, तिथे तुम्ही बावीस पानांचा इंग्रजी फॉर्म पाठवलात की तुम्ही अर्जदार निवडून मोकळे झालात, पुढची कमिटी वगैरे नुसता देखावा. दहा मिनिटांचा मोबाइलवरचा व्हिडिओ घ्या, वर दोन पानांचा खर्चाचा तक्ता, बस. व्हिडिओत कोण बोलतंय, बाया बोलतायत की फक्त अध्यक्ष बोलतोय, पाठीमागे समुद्र आहे की ऑफिस, यावरून कमिटीला लॉजिकल फ्रेमवर्कपेक्षा (उद्दिष्टं आणि निकालांचा तो ठरावीक तक्ता) जास्त कळतं.

दुसरं मॉडेल सेशल्सचं. ११५ बेटांचा देश, माणसं लाखभर. २०१६ मध्ये त्यांनी साधारण २ कोटी १६ लाख डॉलरचं कर्ज नव्या अटींवर फिरवून घेतलं, अट अशी की परतफेडीचा काही भाग देशातल्याच एका ट्रस्टमध्ये जाईल आणि समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित होईल, ते त्यांनी मार्च २०२० पर्यंत केलंही. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये १.५ कोटी डॉलरचा ब्लू बाँड (समुद्राच्या कामांसाठीचा कर्जरोखा) काढला, त्यातले ३० लाख डॉलर ग्रँटसाठी त्याच ट्रस्टकडे आणि बाकीचे १.२ कोटी कर्जरूपाने द्यायला त्यांच्या डेव्हलपमेंट बँकेकडे. मला यात आवडलेली गोष्ट बाँड नाही (त्यावर जगभर लेक्चरं झालीत), तर ही विभागणी. ज्यातून कमाई होणार ते कर्ज, ज्यातून कोणाला थेट कमाई नाही ते ग्रँट. आपल्याकडे उलटं होतं, मासळीच्या लोणच्याच्या युनिटला फुकट पैसे आणि लगूनची मोजणी मात्र स्वयंसेवकांनी फुकट करायची. आणि ग्रँटमध्येही त्यांनी पायऱ्या ठेवल्या, एक लाख सेशल्स रुपयांपर्यंतची छोटी आणि त्यावर दहा लाखांपर्यंतची मोठी. छोट्या रकमेला छोटा कागद. तुम्ही हे तत्त्व शब्दशः घ्या: दोन लाखांच्या ग्रँटला दोन पानं, वीस लाखांच्या ग्रँटला वीस पानं चालतील. दोन लाखांसाठी पॉलिसी, सेफगार्डिंग (लाभार्थ्यांच्या सुरक्षेचे नियम), तीन वर्षांचे ऑडिट मागणारे महाभाग मी पाहिलेत.

आता कॅलेंडर. लक्षद्वीपला पावसाळ्यात छोट्या मालवाहू बोटींची ये-जा बंद होते, ट्यूनाचा मुख्य हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, विमानतळ एकट्या अगत्तीला, आणि बाहेरच्या माणसाला जायला परमिट लागतं. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. तर नेहमी काय होतं, एप्रिलमध्ये बजेट मंजूर, मेमध्ये जाहिरात, ऑगस्टमध्ये करार, ऑक्टोबरमध्ये पहिला हप्ता, तेव्हा सगळे पुरुष समुद्रात, सामान बेपोरहून किंवा मंगळूरहून बोटीवर चढवेपर्यंत डिसेंबर उजाडतो, आणि फेब्रुवारीत तुमच्या फायनान्सचा मेल येतो की ३१ मार्चच्या आत खर्च करा. मग काय, गडबडीने खरेदी, एक उद्घाटन, फोटो. हे टाळता येतं. ऑनगोइंग प्रोजेक्ट म्हणून मंजूर करा, म्हणजे सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवता येतं, न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या अनस्पेंट खात्यात टाकायचा, हा काही गुन्हा नाही, कायद्यानेच दिलेली सोय आहे, पण बोर्ड त्याला नापास झाल्यासारखं बघतं म्हणून सीएसआर मॅनेजर घाबरतात. पावसाळ्यात माणसं बेटावर असतात, मोकळी असतात. बैठका, अर्ज, ट्रेनिंग, हिशोब शिकवणं हे सगळं जून ते ऑगस्टमध्ये. आणि सामानाचा पैसा सप्टेंबरच्या आधी खात्यात हवा, पहिली बोट सुटायच्या आधी. पहिला हप्ता मोठा ठेवा, निम्म्याच्या वर, कारण बेटावर माल एकदमच आणावा लागतो, चार हप्त्यांत चार वेळा जहाजभाडं कोण देणार.

बिलांचं पण बोलून टाकतो. होडीवाल्याकडे जीएसटी बिल नसतं. नसणारच. ठरावीक रकमेखालच्या खर्चाला व्हाउचर, सही-अंगठा, तारीख, होडीचा फोटो, गटातल्या दोन साक्षीदारांच्या सह्या, असं ऑडिटरशी आधी बोलून करारात लिहून घ्या. नंतर बोलायला गेलात तर ऑडिटर ऐकत नाही. आणि वाहतूक ही ओळ बजेटमध्ये वेगळी, मोठी, आणि बोट रद्द झाली तर काय याची तरतूद धरून. मुख्य भूमीवरच्या प्रकल्पाचं बजेट उचलून बेटाला लावलं की पहिल्या तीन महिन्यांत प्रवासखर्च संपतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: ग्रँटचा काळ हा फायनान्सवरून नाही तर ज्या जीवासाठी काम करताय त्याच्या वाढीवरून ठरवायचा. हे मादागास्कर आणि रॉड्रिग्सच्या ऑक्टोपसवरून छान समजतं, जरा सविस्तर सांगतो.

मादागास्करच्या नैऋत्येला आंदावाडोआका नावाचं गाव आहे, तिथे २००४ च्या नोव्हेंबरमध्ये गावाने एका वाळूच्या बेटाभोवतीचा, नोझी फासीचा, ऑक्टोपसचा भाग काही महिने बंद ठेवला. ऑक्टोपस आयुष्याने वर्ष-दीड वर्षाचा, पण वाढतो कसला, थोड्या आठवड्यांत वजन दुप्पट. त्यामुळे बंदी उठली की फरक डोळ्यांना दिसतो, मोठे ऑक्टोपस, जास्त वजन. शेजारच्या गावांनी बघितलं, त्यांनीही सुरू केलं, आणि त्यातूनच पुढे २००६ मध्ये अनेक गावांनी मिळून आपापल्या परंपरेतल्या नियमांनी चालणारं वेलोंद्रियाके हे सामुदायिक सागरी क्षेत्र उभं केलं. मॉरिशसच्या ताब्यातलं रॉड्रिग्स बेट (तिथे २००२ पासून स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे), तिथल्या लोकांनी मादागास्करला जाऊन हे बघितलं आणि २०१२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर दोन महिने आख्ख्या लगूनमध्ये ऑक्टोपस पकडणं बंद. तेव्हापासून ती पद्धत रुजली, २०१६ मध्ये मॉरिशसच्या मुख्य बेटानेही हंगामी बंदी घेतली.

ग्रँट डिझाइनच्या नजरेने बघा. दोन महिन्यांची बंदी, एका वर्षाच्या ग्रँटमध्ये बसते, निकाल त्याच वर्षी दिसतो, लोकांचा विश्वास बसतो. एकदम चपखल. आता हाच साचा उचलून तुम्ही प्रवाळाला किंवा हेकरूला (ग्रुपर मासा) लावा, म्हणजे एका वर्षात निकाल दाखवा म्हणा, तर काय दिसणार? काहीच नाही, आणि मग अर्जदार रिपोर्टात लावलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांची संख्या लिहितो कारण तेवढंच मोजता येतं. ते तुकडे पुढच्या ब्लीचिंगमध्ये मरतात. म्हणून पहिल्या वर्षी पटकन वाढणारं काहीतरी धरा, चारा-मासळी हे लक्षद्वीपसाठी नैसर्गिक उत्तर आहे, कारण तिचा ट्यूनाच्या धंद्याशी थेट संबंध, ती कुठल्या लगूनमधून कधी किती धरली याची नोंद मच्छीमार स्वतः ठेवू शकतात, आणि नियम कोणी बाहेरून लादला असं होत नाही. त्यावर विश्वास बांधला गेला की मग हळू वाढणाऱ्या गोष्टींसाठी लांबची ग्रँट.

पण ऑक्टोपसच्या गोष्टीत एक काटा आहे, आणि तोच बहुतेक जण सोडून देतात. बंदीच्या काळात भरपाई कोणाला? रॉड्रिग्सला नोंदणी असलेल्या मच्छीमारांना बंदीत पर्यायी काम दिलं, किनारे साफ करणं वगैरे. पण ऑक्टोपस टोचायला ओहोटीला पाण्यात उतरतात त्यात कितीतरी बाया असतात, आणि नोंदणी सगळ्यांचीच नसते. यादीत नाव नाही म्हणजे बंदीही पाळायची आणि पैसेही नाहीत. मग चोरून मासेमारी होते आणि आपण म्हणतो लोक सहकार्य करत नाहीत. आपल्या कोकणात नाही का, खाडीत कालवं, शिंपल्या, खुबे गोळा करणाऱ्या बायका, त्यांचं नाव कुठल्या मच्छीमार सोसायटीच्या रजिस्टरवर असतं? म्हणून तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठलीही बंदी असली तर पहिला खर्च ओहोटीच्या वेळी जाऊन कोण कोण पाण्यात आहे याची मोजदाद करण्याचा ठेवा. दुसरं, मादागास्करला सुरुवातीला बंदी उठायच्या दिवशी झुंबड उडायची, बाहेरगावचे लोक यायचे, प्रवाळावर पाय पडायचे, फायदा वाटला जायचा. तेव्हा उघडायच्या दिवसाचे नियम, कोण येणार, किती वाजता, खरेदीदार कोण, भाव काय, हे बंदीच्या आधीच ठरवायचं आणि त्या बैठकांचा खर्च ग्रँटमध्ये धरायचा. चहा-बिस्किटांना पैसे नाहीत म्हणून बैठका होत नाहीत, हे मी विनोदाने नाही सांगत.

आणि ग्रँटमधून वर्षानुवर्षं रोख भरपाई देऊ नका. पॅसिफिकमधल्या किरिबाती देशाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. चार लाख चौरस किलोमीटरहून मोठं फीनिक्स बेटांचं संरक्षित क्षेत्र, २०१० मध्ये जागतिक वारसा, २०१५ पासून तिथे व्यावसायिक मासेमारी बंद, पण परवान्यांचं जे उत्पन्न बुडालं ते भरून काढायला जो निधी हवा होता तो त्या मापाचा कधी झालाच नाही, आणि २०२१ मध्ये सरकारने सांगून टाकलं की आम्ही हे परत खुलं करतोय. बाहेरच्यांनी त्यांना खूप नावं ठेवली. मी नाही ठेवणार, हिशोबच तसा होता.

काही कामं अशी असतात की ती पायरीपायरीने होतच नाहीत, तिथे छोट्या ग्रँटचा उपयोग नाही. बेटावरून उंदीर घालवणं हे त्यातलं. ९९ टक्के उंदीर मारले म्हणजे ९९ टक्के काम झालं असं नसतं, उरलेली एक जोडी दोन वर्षांत सगळं होतं तसं करते. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर २०२१ मध्ये घरउंदीर घालवायची प्रचंड मोहीम झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक उंदीर परत दिसला. उलट मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडवर १९७९ पर्यंत बकऱ्या काढल्या, १९८६ मध्ये ससे काढले, आणि मग पुढची कित्येक वर्षं झाडं, पाली, पक्षी यांच्यामागे लोक चिकाटीने लागून राहिले तेव्हा कुठे बेट सावरायला लागलं. नारळाच्या बेटांवर उंदरांचा त्रास सगळ्यांना माहीत आहे, अर्ज नक्की येतील. माझं मत, वस्तीच्या बेटावर निर्मूलनाच्या नादाला दोन कोटींच्या प्रोग्रॅमने लागू नये, नियंत्रणाला पैसे द्या आणि निर्जन बेटांवर उंदीर पोचू नयेत म्हणून बोटी तपासायला द्या. स्वस्त आहे आणि ते दरवर्षी लागतं.

आता संकटातल्या पैशाबद्दल. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं जहाज मॉरिशसच्या प्वांत देस्नीजवळ प्रवाळावर चढलं. ६ ऑगस्टपासून तेल गळायला लागलं, सुमारे हजार टन. मधले बारा दिवस होते बघा. तेल आल्यावर लोक कोणाची वाट बघत बसले नाहीत, उसाचं पाचट गोण्यांत आणि जाळ्यांत भरून तरंगते बांध त्यांनी स्वतः शिवले, माहेबुर्गच्या किनाऱ्यावर हजारो माणसं, आणि जवळच्या इल ओ झेग्रेत या छोट्या राखीव बेटावरची दुर्मिळ रोपं, पक्षी उचलून सुरक्षित जागी नेले गेले. उसाचा पट्टा आहे, पाचट आहे, हात आहेत. अशा वेळी ग्रँट प्रोग्रॅमने काय करायचं? बोर्ड मीटिंग पुढच्या तिमाहीत. म्हणून एकूण रकमेच्या दहा-पंधरा टक्के आधीच बाजूला, आणि त्याचा ट्रिगर लेखी: हवामान खात्याचा रेड अलर्ट आला, तेल गळालं, जहाज अडकलं, अमुक आठवडे समुद्राचं तापमान ब्लीचिंगच्या पातळीला राहिलं, की स्थानिक समन्वयक दोन सह्यांनी ठरलेल्या रकमेपर्यंत ४८ तासांत खर्च करू शकतो, हिशोब नंतर. २०१७ मध्ये ओखी वादळ डिसेंबरच्या सुरुवातीला लक्षद्वीपला धडकलं, म्हणजे ऐन ट्यूनाच्या हंगामात. अशा वेळी पहिली गरज होड्या ओढून वर घेण्याची, इंजिन वाचवण्याची, पिण्याच्या पाण्याची. ब्लँकेटं मुख्य भूमीवरून सगळेच पाठवतात. वर्षअखेर संकट आलं नाही तर ती रक्कम विहिरी, पावसाच्या पाण्याच्या टाक्या, होड्यांची दुरुस्ती यात घाला, ही यादीही आधीच तयार ठेवा, नाहीतर मार्चमध्ये परत तीच गडबड.

कमिटीचं बोलू. छोट्या बेटावर सगळे एकमेकांचे पाहुणे. हितसंबंध असलेल्याने कमिटीत बसू नये हा नियम काटेकोर लावलात तर कमिटीत फक्त बाहेरचे उरतील. त्यापेक्षा नातं उघड सांगायचं, त्या अर्जाच्या वेळी बाहेर जाऊन बसायचं, आणि अर्ज-निर्णय-रक्कम जेटीवर किंवा मशिदीजवळच्या फळ्यावर लावायची. बेटावर गुप्त काहीच राहत नाही, तर निदान बरोबर आकडा तरी सगळ्यांना कळू दे. मिनिकॉयला गावांची जुनी व्यवस्था आहे, प्रत्येक गावाचे पुढारी, सामूहिक कामाची पद्धत. अशी चालू यंत्रणा असेल तिथे नवी वापरकर्ता समिती बनवू नका, तिच्यातूनच जा, फक्त बायकांना आणि परजातीतल्या, बाहेरून लग्न करून आलेल्या, होडी नसलेल्या लोकांना वेगळं विचारा, कारण जुन्या व्यवस्थेत त्यांचा आवाज बारीक असतो.

मोजमाप कमी ठेवा. तीन गोष्टी, त्याही लोकांना कामाच्या. आणि पुरावा फोनवर देता येईल असा. आपल्या राज्यातलंच एक उदाहरण मला फार आवडतं: २०१८ च्या शेवटी महाराष्ट्रात योजना आली की जाळ्यात कासव, देवमासा, व्हेल शार्क असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजारांपर्यंत भरपाई, पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ. किती साधं डिझाइन आहे बघा, ज्याने काम केलं त्यालाच पैसा, नुकसान झालं तेवढाच पैसा, आणि ट्रेनिंग, टूलकिट काही नाही. तसंच कांदळवनाच्या उपजीविका योजनेत (खेकडा पालन, कालवं, शोभेचे मासे) गटाला ९० टक्के आणि एकट्या माणसाला ७५ टक्के मदत ठेवलीये, उरलेला वाटा स्वतःचा. गटाला जास्त, एकट्याला कमी, यातूनच लोक गट करतात. बेटांसाठी मी स्वतःचा वाटा रोख न मागता होडी, मजुरी, जागा या रूपात मागीन.

आणि संवर्धन यशस्वी झालं की भांडण होतं हे धरून चाला. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरव्या कासवांची संख्या वाढली, त्यांनी समुद्री गवत फस्त केलं, गवताबरोबर तिथली मासळी कमी झाली आणि मच्छीमार कासवांवर चिडले. कासवं वाढली हा तुमच्या वार्षिक अहवालातला हिरवा बाण, आणि किनाऱ्यावर शिव्या. अशा वेळी प्रोग्रॅममध्ये बदल करायची मोकळीक हवी, म्हणून करारात लिहा की बजेटच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम एका ओळीतून दुसरीकडे न विचारता वळवता येईल.

कायमचा निधी काढावा का, असंही कोणी सुचवेल. पॅसिफिकमधल्या पलाऊने २०१८ पासून परदेशी प्रवाशांच्या तिकिटातच १०० डॉलरचं पर्यावरण शुल्क धरलंय, त्यातला वाटा संरक्षित क्षेत्रांना जातो, मायक्रोनेशियातल्या बेटांनी एकत्र ट्रस्ट उभा केला. छान आहे, पण सीएसआरचा पैसा कॉर्पसमध्ये घालता येत नाही, तेव्हा तुमच्यापुरता तो विषय तूर्त बंद.

शेवटी रक्कम. दोन कोटींचं मी पहिल्या वर्षी असं करेन: २५ लाख बाजूला संकटासाठी. ४० लाखांत दोन ते चार लाखांच्या दहा-बारा छोट्या ग्रँट, व्हिडिओ अर्जावर, दोन-तीन बेटंच निवडून, सगळी दहा नाही. ७० लाख एका तीन वर्षांच्या कामाला, चारा-मासळीची नोंद आणि लगूनचे नियम, मच्छीमार गटांबरोबर. ३० लाख बेटावरच्या तीन-चार समन्वयकांचे पगार आणि हिशोबनीस, हे कापायला कोणी आलं तर भांडा. २० लाख वाहतूक. उरलेले १५ लाख मोकळे ठेवा, डिसेंबरपर्यंत हात लावू नका, तोवर बेटावरूनच कळेल कुठे लागतात. जाहिरात जूनमध्ये, निवड ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, पैसे ३१ ऑगस्टच्या आत खात्यात. आणि हो, परमिटची कागदपत्रं आजच सुरू करा, त्याला तुमच्या करारापेक्षा जास्त वेळ लागू शकतो.